ट्रॅक्टरचे इंजिन बांधताना क्रँक-बेअरिंगमधील फट मोजूनच घ्या

खरिपाच्या तोंडावर अनेक ट्रॅक्टर इंजिनकामासाठी गॅरेजमध्ये येतात. पिस्टन, लायनर, रिंगा नव्या बसतात, पण क्रँक आणि बेअरिंगमधील फट मात्र अनेकदा ‘हाताने हलवून’ ठरवली जाते. इथे चूक झाली तर रोटाव्हेटर किंवा पलटी नांगराच्या भाराखाली बेअरिंग धरते, क्रँक ओरखडते आणि ऐन पेरणीत इंजिन पुन्हा खोलावे लागते. ही फट मोजायला फार वेळ लागत नाही.

फट कशासाठी असते?

क्रँकचा गुळगुळीत गोल भाग म्हणजे जर्नल. चालू इंजिनमध्ये तो बेअरिंगला टेकत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि सगळा भार तोच पेलतो.

- फट कमी असेल, तर तेल पुरेसे फिरत नाही, उष्णता वाढते आणि बेअरिंग जर्नलला चिकटते.
- फट जास्त असेल, तर तेल बाजूने निसटते. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर उतरते आणि भार आला की ठोक्याचा आवाज येतो.

साधारण अंदाज असा, की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट लागते. ७५ मि.मी. व्यासाला ती सुमारे ०.०७५ मि.मी., म्हणजे जवळपास केसाच्या जाडीएवढी. हा केवळ अंदाज आहे. आपल्या मॉडेलची किमान व कमाल मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच अंतिम धरावी.

पायरी १ : जर्नल मोजा

जर्नल स्वच्छ पुसून मायक्रोमीटरने दोन ठिकाणी (पुढच्या व मागच्या कडेजवळ) आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी, असे चार वेळा मोजावे. एकाच ठिकाणच्या दोन मापांतील फरक म्हणजे जर्नल किती अंडाकृती झाले ते. दोन टोकांतील फरक म्हणजे निमुळतेपणा. यांपैकी काहीही मर्यादेबाहेर असेल किंवा नखाला लागणारे ओरखडे असतील, तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावी. नुसते नवे बेअरिंग टाकून भागत नाही.

ग्राइंडिंग सहसा ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मि.मी. कमी मापावर होते. गॅरेजमध्ये यालाच इंचाच्या हिशेबाने दहा, वीस, तीस साइज म्हणतात. बेअरिंग त्याच अंडरसाइजचे घ्यावे. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडिंगमध्ये काटकोनी झाली, तर तिथून क्रँकला तडा जाण्याचा धोका असतो. ती तपासूनच क्रँक ताब्यात घ्यावी. तेलाची भोकेही धुऊन हवेने साफ करावीत, कारण ग्राइंडिंगची भुकटी तिथेच अडकते.

पायरी २ : बेअरिंग बसवून आतला व्यास मोजा

बेअरिंगची पाठ आणि ती बसते ती जागा कोरडी, स्वच्छ हवी. पाठीवर तेल लावू नये. तेलाचे भोक जुळवावे. प्रत्येक कॅप तिच्या मूळ नंबरावर व मूळ दिशेनेच लावावी; कॅपची अदलाबदल केल्यास गोलाई बिघडते. बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे आवळावेत. क्रँक न ठेवता बोअर गेजने उभ्या दिशेत आतला व्यास मोजावा.

उदाहरण : मूळ ७५.०० मि.मी.चे जर्नल ०.५० ने ग्राइंड केल्यावर ७४.५० झाले. बेअरिंगचा आतला व्यास ७४.५७ आला. फट = ७४.५७ − ७४.५० = ०.०७ मि.मी.

बोअर गेज नसेल तर प्लास्टीगेज

प्लास्टीगेज म्हणजे मेणासारखी बारीक तार. ब्लॉक उलटा ठेवून क्रँक बसवावी. कोरड्या जर्नलवर, क्रँकच्या लांबीच्या दिशेने तारेचा तुकडा ठेवावा. कॅप लावून बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळावेत. या वेळी क्रँक अजिबात फिरवू नये. कॅप काढून चपटलेल्या तारेची रुंदी पाकिटावरील पट्टीशी जुळवावी. तार जितकी रुंद, तितकी फट कमी. मेन आणि कनेक्टिंग रॉड अशी सर्व बेअरिंग याच पद्धतीने तपासावीत. नंतर तार मऊ कापडाने पुसावी, खरवडू नये.

पायरी ३ : क्रँकची मागे-पुढे हालचाल

क्रँक पूर्ण मागे ढकलून थ्रस्ट वॉशरजवळ फीलर गेज घालावे किंवा क्रँकच्या टोकाला डायल गेज लावावे. हालचाल जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर बदलावेत. क्लच दाबल्यावर क्रँकवर याच दिशेने दाब येतो. त्यामुळे क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्यांकडे हे वॉशर लवकर झिजतात.

माप चुकले तर हे करू नका

- फट कमी करण्यासाठी बेअरिंगच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालू नये. बेअरिंगची उष्णता बाहेर जात नाही.
- कॅप किंवा बेअरिंगच्या कडा कानसीने घासू नयेत. कडा किंचित वर राहतात म्हणूनच बेअरिंग जागेवर घट्ट धरले जाते.
- फट कमी आली तर आधी पाठीमागची घाण, चुकीची साइज व कॅपचा नंबर तपासावा. जास्त आली तर पुढच्या अंडरसाइजचे ग्राइंडिंग करावे.

अंतिम जुळणी

बेअरिंगच्या आतल्या बाजूला व जर्नलला स्वच्छ इंजिन ऑइल लावावे. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावी. एखाद्या कॅपनंतर ती एकदम जड झाली, तर दोष तिथेच आहे. पुढे न जाता ती कॅप खोलावी. इंजिन सुरू करण्यापूर्वी डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. सुरुवातीचे तास हलकी कामे करावीत आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना पहिले तेल व फिल्टर बदलावे.

शेतकऱ्यांनी इंजिन बंद होण्यापूर्वी गॅरेजमध्ये हजर राहून प्रत्येक जर्नलचे माप, फट आणि बेअरिंगची साइज वहीत लिहून घ्यावी. पुढच्या वेळी ऑइल प्रेशर उतरले, तर क्रँक आणखी ग्राइंड होऊ शकते की बदलावीच लागेल, हे त्याच नोंदीवरून ठरते.