'मॉर्फ' म्हणजे काय हो, ताई?

परवाचीच गोष्ट. बचत गटाची बैठक संपली. चहा पिऊन सगळ्या बायका घरोघरी गेल्या, पण एक वहिनी उंबऱ्यातच घुटमळत राहिल्या. "बसा ना वहिनी," म्हटलं, तर त्यांचे डोळे भरून आलेले. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं बी.ए. झालंय ना? मला सांगा, मॉर्फ म्हणजे काय हो?"

त्यांची लेक अकरावीत आहे. दोन दिवसांपूर्वी ती रडत म्हणाली होती, "आई, कुणीतरी माझा फोटो मॉर्फ केलाय." वहिनींना ऐकू आलं 'मार्फत'! "मला वाटलं, कुणाच्या मार्फत फोटो पाठवला हिने. मी ओरडले, पाठवलास कशाला म्हणून! पोरगी जी गप्प झाली, ती कालपासून जेवली नाही."

मैत्रिणींनो, एका शब्दाने आई आणि लेक यांच्यात केवढी भिंत उभी राहिली बघा!

हा शब्द मूळचा वाईट नाही. ग्रीक भाषेत 'मॉर्फे' म्हणजे रूप, आकार. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, त्याला इंग्रजीत मेटामॉर्फोसिस म्हणतात. भाषाशास्त्रात मॉर्फॉलॉजी असते, आपण तिला रूपविचार म्हणतो. 'घोडा'चं 'घोड्याला' होतं, 'शाळा'चं 'शाळेत' होतं, तेही रूप बदलणंच. पुढे सिनेमावाल्यांनी 'मॉर्फ' हे सुटसुटीत क्रियापद उचललं. १९९१ साली मायकेल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' या गाण्याच्या व्हिडिओत एक चेहरा बघता बघता दुसरा होत जातो. लोक थक्क झाले होते. त्याला म्हणतात मॉर्फिंग.

आता हाच शब्द पोलीस ठाण्यातल्या तक्रारीत येतो. मुलीने वाढदिवसाला काढलेला साधा फोटो उचलायचा, तिचा चेहरा भलत्याच शरीरावर चिकटवायचा आणि धमकवायचं. पूर्वी यासाठी फोटोची कारागिरी यावी लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मोबाइलवर काही मिनिटांत होतं.

वहिनींना एवढंच सांगितलं, "सुरवंटाचं रूप खरंच बदलतं. इथं तुमची मुलगी आहे तशीच आहे. बदललंय ते चित्र."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे फोटोतली ती माझी पोरगी नव्हेच?"

"चेहरा तिचा चोरलाय. बाकी सगळं खोटं."

"आणि मी तिलाच बोलले हो!" म्हणून त्या पदराने डोळे पुसत तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. जाण्याआधी धमकीचे मेसेज, ज्या खात्यावरून आले त्याचं नाव, तारीख, वेळ असं सगळं जपून ठेवलं. घाबरून पुसून टाकलं की पुरावाच जातो. धमकावणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याची विनवणी करायची नाही आणि तो फोटो कुणालाही, अगदी मावशीलासुद्धा, पुढे पाठवायचा नाही. ठाण्यात जायचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. महिला आणि मुलांसंबंधीच्या अशा तक्रारीत नाव न देण्याचीही सोय आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर पसरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर कलमं आणखी कडक लागतात. समाजमाध्यमांसाठी २०२१ साली जे नियम आले, त्यांत तर 'मॉर्फ केलेल्या प्रतिमा' असा स्पष्ट उल्लेख आहे.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "काय तक्रार आहे?" मी तोंड उघडणार, तोच वहिनी पुढे झाल्या. "माझ्या मुलीचा फोटो मॉर्फ केलाय साहेब. तिचा यात काही दोष नाही."

लेकीने आईचा हात घट्ट धरला.

मैत्रिणींनो, हा शब्द आजच लेकीसमोर उच्चारा. तिला कळू दे की आईला त्याचा अर्थ ठाऊक आहे. म्हणजे वेळ आलीच, तर ती सगळ्यात आधी तुमच्याकडेच येईल.