दहा मिनिटांच्या कामाचे चारशे रुपये का?

नळाचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात आणि प्लंबर चारशे रुपये मागतो. ‘वॉशर तर दहा रुपयांचा!’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की तो उत्तरही देत नाही. खरं तर द्यायला हवं. पैसे लागतात ते तो दारात येण्याचे.

हिशेब करून पाहू. समजा, त्याला महिन्याला ३० हजार रुपये घरी न्यायचे आहेत. पेट्रोल, दुचाकीची देखभाल, हत्यारं, मोबाइल यांवर आणखी ९ हजार जातात. एकूण ३९ हजार. महिन्याचे २५ दिवस, रोज चार घरं, म्हणजे १०० फेऱ्या. प्रत्येकी ३९० रुपये. त्यातल्या १५ फेऱ्या ‘नुसतं बघून सांगा’वाल्यांच्या निघाल्या, की उरलेल्या ८५ कामांवर तोच बोजा पडतो आणि दर ४६० च्या आसपास जातो. आजारपण आणि खाडे यात धरलेलेच नाहीत.

घासाघीस केल्यावर काय होतं?

‘द्या काय द्यायचं ते’ म्हणून कारागीर मोकळा होतो. पण सोडलेले शंभर रुपये कुठून तरी काढावे लागतात. बऱ्याचदा ते सामानातून निघतात: हार्डवेअरच्या दुकानातलं कमिशन, नाहीतर चांगल्या पितळी नळाऐवजी हलका नळ. रंगाऱ्यासाठी रंगाच्या डब्यात टोकन असतं, हे तर जगजाहीर आहे. मजुरी कमी केल्याचं समाधान गिऱ्हाइकाला, आणि काही महिन्यांत पुन्हा गळणारा नळही त्यालाच.

मग कारागिराने काय करावं?

दर नव्हे, काम कमी करावं. ‘सामान तुम्ही आणा, मी फक्त बसवून देतो, पण सामानाची गॅरंटी माझी नाही,’ असं सरळ सांगावं. पाहणीचे पैसे फोनवरच सांगावेत आणि काम मिळालं तर बिलातून वळते करावेत. ‘शेजाऱ्याने तीनशेत केलं’ म्हणणाऱ्याला, त्या तीनशेत काय काय होतं, एवढंच विचारावं.

मोठ्या कामात मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं, सामानाचे पैसे आधी घ्यावेत. भिंत फोडल्यावर आत गंजलेला पाइप निघाला तर वाढीव खर्च कोणाचा, हेही त्यातच लिहावं. भांडणं हमखास तिथेच होतात.

आणि जीएसटी? फक्त सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटी लावताही येत नाही.