पिवळ्या जर्सीचा हिशेब

कचारगडच्या डोंगरात फुटबॉलचा विषय कुठून आला, असं वाचकांना वाटेल. गोंदिया जिल्ह्याचं हे छत्तीसगडला टेकलेलं टोक. गुहा, जंगल, दरेकसा स्टेशन आणि माघ पौर्णिमेची गोंड बांधवांची यात्रा, एवढीच इथली ओळख. मी याच भागात मास्तरकी करतो. माझा संघ मात्र मुंबईचा. म्हणजे होता. मुंबई एफसी त्याचं नाव, आणि तो आज अस्तित्वात नाही.

ज्यांच्या घरात फुटबॉल पाहिला जातो त्यांनाही हे नाव आठवेलच असं नाही. रणबीर कपूरचा म्हणून ओळखला गेलेला मुंबई सिटी वेगळा, तो २०१४ मध्ये आला. मुंबई एफसी त्याच्या आधीचा, २००७ चा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून तो आय-लीगमध्ये गेला. मी तेव्हा बी.एड. करून मुंबईत खालाजानकडे नागपाड्याला राहत होतो आणि नोकरी शोधत होतो. खिशात पैसे नसत, कूपरेजचं मैदान मात्र जवळ होतं. पिवळ्या जर्सीतला तो संघ मी तिथेच पाहिला. स्टॅंडमध्ये ‘यलो ब्रिगेड’ म्हणवणारी मूठभर पोरं ढोल बडवायची. त्यांच्या गोंगाटात समोर चाललेला रटाळ खेळही सुसह्य व्हायचा.

रटाळ होताच तो. खोटं कशाला सांगू? बचाव करायचा, एक-शून्यने जिंकायचं नाहीतर बरोबरीवर समाधान मानायचं. नोकरी लागून इकडे आल्यावर तर निकाल वर्तमानपत्रातल्या एका ओळीत शोधावा लागे. घरी विचारत, ‘आज तरी जिंकला का तुमचा संघ?’ मी म्हणायचो, ‘हरला नाही.’ आमच्या घरात ही म्हणच होऊन गेली. मुलाच्या गणिताच्या निकालालाही तीच लागू होते.

या ‘हरला नाही’मागे एक माणूस होता, खालिद जमील. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेला, भारताकडून खेळलेला. दुखापतींनी खेळ लवकर सुटला आणि २००९ मध्ये, बत्तिशीतच, तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. बोलणं कमी, मुलाखतींपासून चार हात लांब. खेळाडू असताना कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन बड्या क्लबांचे प्रस्ताव त्याने नाकारले होते, कारण दोघांच्याही नावापुढे मद्य कंपन्यांची नावं लागलेली होती. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोठा पैसा समोर असताना माणूस नाही म्हणू शकतो, हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा अशा उदाहरणाने लवकर पटतं.

जमीलने हा संघ सात हंगाम सांभाळला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू दुसरीकडे. कूपरेजचं काम चालू होतं त्या काळात तर घरचे सामनेही पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. मुंबईचा संघ, घरचा सामना पुण्याला! कोण जाणार बघायला? कचारगडच्या यात्रेला पाच-सहा राज्यांतून माणसं येतात. त्यांना ठाऊक असतं की जागा तीच आहे आणि आजोबा इथेच आले होते. फुटबॉलच्या संघालाही अशी जागा लागते. तरीही त्या सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही.

मग २०१६ मध्ये मालकांनी जमीलला निरोप दिला. आता टिकून राहणं पुरे, वर जायचं, असा विचार असावा. विचार वाईट नव्हता. पण सात वर्षं छप्पर धरून उभा असलेला खांब काढताना वर काय आहे ते बघायला हवं होतं.

जमील गेला मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे. तो संघ आधीच्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याचे संघ लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमीलबरोबर मुंबई एफसीचे आशुतोष मेहता आणि जयेश राणेही तिकडे गेले. त्या २०१६-१७ च्या हंगामात आयझॉलने ३७ गुण मिळवले, मोहन बागानपेक्षा एक जास्त. आय-लीगचं विजेतेपद पहिल्यांदाच ईशान्येकडे गेलं. त्याच हंगामात दहा संघांच्या त्याच तक्त्यात सर्वांत खाली मुंबई एफसी. मधेच प्रशिक्षक बदलूनही उपयोग झाला नाही. संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि मालकांनी तो बंदच केला.

मला राग हरण्याचा नाही, बंद करण्याचा आहे. इंग्लंडमध्ये संघ खाली घसरला की लोक रडतात, शिव्या देतात आणि पुढच्या शनिवारी खालच्या श्रेणीचा सामना बघायला जातात. आपल्याकडे क्लब म्हणजे कंपनीच्या हिशेबातली एक ओळ, तोटा दिसला की खोडायची. महाराष्ट्रात ही एकच कबर नाही. महिंद्रा युनायटेड २००६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. पुण्याच्या भारत एफसीने एकच हंगाम पाहिला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. प्रत्येकाचे चाहते होते, त्यांना कोणी विचारलं नाही. आणि बड्या लीगमध्ये जागा खेळून नव्हे, तर पैसे भरून मिळू लागली तेव्हा छोट्या संघाने वर येण्याची जिद्द तरी कशाच्या जोरावर धरायची?

त्या मानाने आपल्या विदर्भातली जुनी मंडळी चिवट. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम, यांच्याकडे मोठा पैसा नाही, पण मोहल्ला आहे. मामा, चाचा, शेजारी खेळून गेलेले असतात. असा संघ कोणी एका सहीने बंद करू शकत नाही.

माझ्या शाळेतली पोरं मेस्सी आणि रोनाल्डोच्या नावाचे शर्ट घालून मैदानात येतात. घालू देत, खेळतात हे महत्त्वाचं. पण ‘सर, तुमची टीम कोणती?’ असं विचारलं की मी अडखळतो. मुंबई सिटीने पुढे चषक जिंकले, तरी माझं मन तिकडे वळलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने तिसरं स्थान मिळवलं, तेव्हा आमच्या घरात मिठाई आली. पण ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘तुमच्या खालिदभाईंना आता काढा.’ मी त्यांना मुंबई एफसीची गोष्ट सांगायला घेतली. निम्म्यावर आलो तोच तासाची घंटा झाली.