तुझी आठ… वण

रविवारी संध्याकाळी एक मित्र गिटार घेऊन आला. शब्द त्याचे, चालही त्याचीच, रेकॉर्डिंग घरातल्या घरात केलेलं. विषय, स्वारगेटहून सुटणारी शेवटची एसटी. "खरं सांग हं," म्हणत त्याने फोन टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

"मस्त रे" म्हटलं की आपण चहा प्यायला मोकळे. गाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याच्या उलटही मी केलंय. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला तिच्या गाण्यावर 17 मुद्दे काढून दिले होते. एकही चुकीचा नव्हता. ते गाणं तिने पुन्हा कधी गायलं नाही. तेव्हापासून तीनच मुद्दे, आणि प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद.

पहिल्या खेपेला शब्दांचा कागद पालथा ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. दुसऱ्या खेपेला हातात पेन; कान जिथे अडखळेल तिथली वेळ लिहायची. कागद तिसऱ्या खेपेला सुलटा करायचा. अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा तेव्हा सापडतं.

42 सेकंद. तोवर गिटारच वाजते, शब्द नाही. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजतात, आणि वर्षभरात 1000 वेळा मोजलं गेलं नाही तर पैसे मिळत नाहीत. कंपनी पाठीशी नसलेल्याला हा हिशेब सांगावाच लागतो. सांगितला.

1 मिनिट 10 सेकंद. मुखडा केरव्यात, 8 मात्रांचा. "तुझी आठवण घेऊन बसलो" या ओळीत श्वास "आठ"वर तुटतो आणि "वण" समेवर येऊन आपटतो. कागद पालथा असताना मला खरोखर आठची गाडी ऐकू आली होती. तेवढंच सांगितलं. तो आधी हसला, मग गप्प झाला.

"चाल बदलू?"

"ते तू बघ."

त्याने गिटार उचलली. चार-पाच वेळा गुणगुणून ओळ दोन मात्रा आधी उचलली. अख्खी आठवण समेच्या आत बसली आणि श्वास तिच्यानंतर आला. मला हा उपाय सुचला नसता.

2 मिनिटं 25 सेकंद. "जरा थांब." यातला ज त्याने 'जल'मधल्या ज-सारखा म्हटला होता. त्या उच्चाराची 'जरा' म्हणजे म्हातारपण. "तू तिला थांबवतोयस की म्हातारपणाला?" 'जोर'मधला ज लावताच ओळ बोलल्यासारखी झाली.

चौथा मुद्दाही होता. पट्टी अर्धा स्वर चढी होती. अंतऱ्यात वर जाताना आवाज चिमटत होता. तो मुद्दा मी गिळला. पुन्हा सगळं गाणं गाताना त्याने आपणहूनच कॅपो एक घर खाली घेतला.

सुरुवातीच्या वादनाचं मात्र त्याने ऐकलं नाही. "एसटी फलाटावरून आधी मागे येते, मग वळते, मग निघते. वेळ लागतोच," म्हणाला.

गाणं गेल्या आठवड्यात आलं. शब्द अजूनही 42 सेकंदांनीच सुरू होतात.