मुरणे आणि बिघडणे



लोणचे मुरते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. उलट माडीचे पाहा. पहाटे माडावरून उतरवलेला रस गोड असतो, दुपारपर्यंत तो फसफसतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो. म्हणजे काळ सगळ्यांनाच मानवतो असे नाही. द्राक्षाची वाईन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

ही वस्तू आपल्या किनाऱ्याला नवी नव्हे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी इटलीची वाईन उतरत असल्याची नोंद आहे. आज ती आपल्याच नाशिककडे होते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि हा धंदा वाढला.

आता ती मुरते म्हणजे काय होते? रसातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचा मद्यार्क होतो. तांबड्या वाईनमध्ये साल आणि बिया यांचा तुरटपणाही उतरतो. काजूचे बोंड खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसा. या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. वर्षे जातात तसे त्याचे कण एकमेकांना बिलगतात, जड होतात, तळाशी गाळ बसतो आणि चव निवते. पण हे थोड्याच वाईनना साधते. बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. शिवाय ठेवायची जागा अंधारी आणि १२ ते १५ अंश उष्णतेची हवी. बूच असेल तर बाटली आडवी ठेवावी. नाहीतर बूच सुकते, हवा आत शिरते आणि वाईनचा शिरका होतो.

आमच्या एका स्नेह्याने नाशिकची एक तांबडी बाटली ‘चौघे जमू तेव्हा’ म्हणून कपाटावर उभी ठेवली होती. वर कौले, खाली कोकणातला उन्हाळा. आज जमू, उद्या जमू म्हणता सहा वर्षे गेली आणि चौघांतला एक जण गेलाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे अलिबागच्या एका परवाना असलेल्या साध्या खाणावळीत बसलो. मालकाला विचारून बाटली उघडली, तर नाकात शिरक्याचा भपकारा! तळलेली सुरमई पुढे आली होती. आम्ही मुकाट्याने सोलकढी मागवली. जो गेला त्याच्या गोष्टी निघाल्या आणि जेवण दोन तास चालले.

तेव्हा मंडळी, कुणाला वाईन घ्यायचीच असेल, तर किती वर्षे टिकेल ते दुकानदाराला आधी विचारा. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर तांबडी घ्या. रस्सा फार झणझणीत नको, तो तिचा वास झाकून टाकतो. ज्याला नको असेल त्याला आग्रह करू नका, सोलकढी आहेच. आणि बाटली ठेवायची तर ठेवा, पण मित्रांची भेट मात्र मुरत ठेवू नका.