केराटोकोनसचे ‘सी३आर’ आणि डोळ्याचा पडदा

मुलाला केराटोकोनस निघाला आणि डॉक्टरांनी ‘सी३आर’ करायला सांगितले की घरात पहिला सवाल येतो: अल्ट्राव्हायोलेट किरणे डोळ्यात सोडणार, मग मागचा पडदा जळणार नाही का? सवाल रास्त आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, पडदा जळतो, असे आम्ही शिक्षकच वर्गात सांगतो. पण या भीतीने उपचार लांबवला तर नुकसान मुलाचेच होते.

केराटोकोनसमध्ये डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. सी३आरमध्ये त्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, थेंब मुरवतात आणि मग किरणे सोडतात. मूळ पद्धतीत हा प्रकाश ३० मिनिटे देतात, नव्या पद्धतीत कमी वेळ. त्यामुळे कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट धरतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे निष्कर्ष २००३ साली मांडले.

आता पडद्याचे. हे पिवळे रायबोफ्लेविन दुहेरी काम करते. कॉर्निया मजबूत करते आणि तीच किरणे स्वतः शोषूनही घेते. बहुतेक किरणे कॉर्नियातच अडतात, उरलेल्यातली बरीचशी आतली लेन्स अडवते. उपचाराआधी आणि नंतर ओसीटी मशीनवर पडदा मोजला, तर त्यात टिकून राहणारा बिघाड सहसा आढळत नाही.

हे सगळे कॉर्निया पुरेसा जाड असेल तर. वरचा पापुद्रा काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन ही जुनी मर्यादा आहे. त्याहून पातळ असेल तर आधी धोका कॉर्नियाच्या आतल्या पेशींना असतो, पडद्याचा नंबर नंतरचा. अशा वेळी कॉर्निया फुगवणारे वेगळे थेंब वापरतात किंवा प्रकाश बदलतात. म्हणून अम्मी-अब्बांनी “जाडी किती भरली?” हे जरूर विचारावे. बाहुली मोठी करून पडदाही आधीच तपासून घ्यावा, म्हणजे नंतर शंका राहत नाही.

नंतर दोन-तीन दिवस डोळा दुखतो, काही आठवडे धूसर दिसते. ते कॉर्नियामुळे, पडद्यामुळे नव्हे. मात्र दुखणे वाढत गेले, लाली वाढली, चमक किंवा काळे ठिपके अचानक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीचे दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, तेव्हा वुजू कसा करायचा हे मौलानांना आधीच विचारून ठेवा.

चष्मा जाईल ही अपेक्षा मात्र धरू नका. सी३आर आजार थांबवण्यासाठी आहे, गेलेली नजर परत आणण्यासाठी नाही. आणि कोवळ्या वयात हा आजार झपाट्याने वाढतो. पुढच्या सुट्टीत बघू म्हणेपर्यंत कॉर्निया इतका पातळ होऊ शकतो की हाच उपचार अवघड होऊन बसतो. डोळे चोळायची सवय आजच मोडा, आणि भावंडांचेही डोळे तपासून घ्या, कारण हा आजार काही घराण्यांत चालत येतो.