विभागीय परिषद भरवायची तर

कापड व्यापारी आणि यंत्रमागधारकांच्या संघटना आपल्याकडे गावोगावी आहेत. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विभागीय परिषदेचा विषय काढतो. मंडप पडतो, हारतुरे होतात, पाहुण्यांची वाट पाहण्यात दीड तास जातो, जेवण उत्तम होते आणि मंडळी आपापल्या गावी परततात. ज्या कामासाठी जमलो होतो ते काम मात्र तसेच राहते. अशा अनेक परिषदांत मी खुर्च्या मांडण्यापासून ठराव लिहिण्यापर्यंतची कामे केली आहेत. त्या अनुभवावर चार गोष्टी व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

पहिला प्रश्न तारखेचा नसून विषयाचा आहे. एकच विषय घ्या, पण असा घ्या की माणूस दुकान बंद ठेवून येईल. आज आमच्या धंद्यात असा विषय म्हणजे उधारी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यात २०२३ च्या अर्थ कायद्याने आणखी भर घातली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरली जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरली जाते. म्हणजे मार्चअखेर विणकराचे देणे मुदत उलटून थकले असेल तर न झालेल्या नफ्यावर कर भरण्याची पाळी येते. उलट व्यापाऱ्याची स्वतःची उधारी थकली तर त्याला या कायद्याचा आधार नाही. २०२१ पासून व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. माग चालवणारा आणि कापड विकणारा इथे समोरासमोर उभे आहेत, म्हणूनच दोघांना एका मंडपात बसवणे जरूर आहे. व्याज घेणे आणि देणे आपल्याला मंजूर नाही, तेव्हा ही वेळच येऊ न देण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त.

आता तारीख. मालेगावात मागांना शुक्रवारची सुट्टी असते. काही वर्षांपूर्वी आम्ही विचार केला की सुट्टीच आहे, शुक्रवारीच परिषद घ्यावी. ठरावाचे सत्र साडेबाराला ठेवले. जुम्याची वेळ झाली, लोक उठले, नमाजनंतर बरेचसे थेट घरी जेवायला गेले. सोलापूरहून आलेले पद्मशाली बांधव रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बसून राहिले. कार्यक्रमपत्रिका माझ्याच हातची होती, दोष दुसऱ्या कुणाला देणार? तेव्हापासून मी शनिवारी दुपारनंतर सुरुवात आणि रविवारी दुपारी समारोप असे सुचवतो. जीएसटीच्या तारखाही पाहाव्यात. दरमहा विवरण भरणाऱ्यांची ११ आणि २० तारीख ठरलेली असते, त्या आसपास ना व्यापारी मोकळा असतो ना त्याचा सी.ए. २१ ते २८ मधला शनिवार-रविवार बरा. रमजान, दिवाळीचा हंगाम, लग्नसराई टाळावी. इस्लामी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, तेव्हा मागच्या वर्षीची तारीख डोळे मिटून उचलू नये.

गाव निवडताना रेल्वे पाहा. मालेगावला स्टेशन नाही, मनमाडला उतरावे लागते. सोलापूरकरांना दौंड मार्गे मनमाड गाठता येते, बुऱ्हाणपूरकरांना भुसावळ मार्गे. भिवंडीकर मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ येतात. इचलकरंजीकरांची मात्र दगदग होते. मनमाडला गाडी पाठवणार की नाही, हे निमंत्रणातच लिहा. निमंत्रण मराठी आणि उर्दू दोन्हींत असावे. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्यांना मराठी वाचता येते, पण जुन्या मंडळींपैकी अनेकांना येत नाही. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या आचाऱ्याकडून करवून घ्या आणि तसे पत्रात आधीच कळवा. इचलकरंजीचे जैन बांधव त्यामुळे निर्धास्त येतात.

हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा हॉल, मंडप, छपाई, गाड्या मिळून ९०,००० रुपये खर्च आहे. माणशी जेवण-चहा ५०० रुपये आणि प्रतिनिधी शुल्क ८००. म्हणजे माणशी ३०० उरतात आणि खर्च भागायला ३०० प्रतिनिधी हवेत. स्मरणिकेच्या जाहिरातींतून सगळा खर्च वजा जाता ४५,००० मिळाले तर १५० पुरतात. जाहिरातीचा शब्द देणारे पुष्कळ असतात, म्हणून रक्कम हातात आल्याशिवाय ती हिशेबात धरू नये. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो दर विचारतानाच विचारून घ्यावा. पैसा संघटनेच्या खात्यातच जमा व्हावा, अध्यक्षांच्या नव्हे, मग अध्यक्ष कितीही दीनदार असोत.

सर्वात जास्त काळजी ठरावाची घ्यावी. भाषणाच्या भरात कुणीतरी उठतो आणि म्हणतो, ‘अमुक रुपयांच्या खाली ग्रे कापड कुणी विकायचे नाही, असा ठराव करा.’ टाळ्या पडतात. पण २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे संघटनेने भाव ठरवणे हा गुन्ह्यासारखाच मामला आहे. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना याच कायद्याखाली दंड झालेले आहेत. अमक्याकडून माल घेऊ नका, असा बहिष्काराचा ठरावही त्याच वाटेने जातो. सरकारकडे वीजदर, सुताचा भाव, कराचे दर याबद्दल मागणी करायला मात्र कसलीही आडकाठी नाही. लेखी कराराचा आणि मालपोच पावतीचा नमुना तयार करून वाटता येतो, तो वापरणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ठरावांचे मसुदे महिनाभर आधी सर्व शाखांना पाठवावेत आणि एकदा वकिलाला दाखवावेत. सूचक-अनुमोदक आधीच ठरलेले असले की व्यासपीठावर ओढाताण होत नाही.

पाहुण्यांचे भाषण शेवटी ठेवावे, म्हणजे ते उशिरा आले तरी काम अडत नाही. परिषद संपल्यावर पंधरा दिवसांत इतिवृत्त आणि जमाखर्च शाखांना पोस्टाने जावा, मोबाईलवर पाठवला असला तरीही. मागच्या खेपेला आम्ही कराराचा नमुना त्याच पाकिटात घातला होता.